तीन चाकांना जागा नाही

माझ्या पाया पडून माझीच वाट अडवणारी माणसं मी जयपुरात जेवढी पाहिली तेवढी उभ्या आयुष्यात कुठे पाहिली नाहीत. आमच्या भुसावळात वाट अडवणारा माणूस निदान तोंडाने तरी तिरसट असायचा. त्यामुळे भांडायला बरं पडायचं. इथे माणूस आधी वाकतो, "माताजी, प्रणाम" म्हणतो, पावलांना हात लावतो, आणि त्याच हाताने आपली मोटरसायकल माझ्यासमोर आडवी लावून निघून जातो. अशा माणसावर ओरडायचं कसं? तोवर अर्धा आशीर्वाद तोंडातून निघून गेलेला असतो.

प्रकरण अगदी साधं होतं. मला माझी सायकल उभी करायला जागा हवी होती. साडेतीन फूट रुंद, सहा फूट लांब. आमच्या जगतपुऱ्याच्या सोसायटीत एवढ्या जागेत लोकांची चपलांची कपाटं असतात.

माझी सायकल तीन चाकांची आहे. लाल रंग, मागे दोन चाकं, पुढे भाजीची टोपली. माझा डावा पाय लहानपणी पोलिओने बारीक झाला तो तसाच राहिला. काठी घेऊन चालते, पण लिफ्टपासून गेटपर्यंत जाऊन आले की माझा दिवस संपतो. सायकलवर बसले की मात्र उजवा पाय दोघांचं काम एकटा करतो. सायकल हा माझा पाय आहे. हे वाक्य मी गेल्या वर्षभरात इतक्या लोकांना ऐकवलंय, की आता मलाच ते टूथपेस्टच्या जाहिरातीसारखं वाटायला लागलंय.

दोन चाकांवरही मी पन्नास वर्षं काढली. वडील रेल्वेत फिटर होते. त्यांनी डाव्या पेडलला चामड्याचा पट्टा लावून दिला होता, म्हणजे पाय घसरत नसे. शाळेच्या व्हरांड्याला पायरी होती. पहिल्या दिवशी आमच्या मुख्याध्यापिका मधुमतीबाई बाहेर आल्या, माझ्याकडे पाहिलं, पायरीकडे पाहिलं, आणि शिपायाला म्हणाल्या, "एक फळी टाक." संपलं. समिती नाही, ठराव नाही. मॅट्रिक होईपर्यंत ती फळी तिथेच होती. बाईंना 'सुगम्य' हा शब्द माहीत नव्हता. आता तो शब्द सगळ्यांना माहीत आहे आणि फळी कुठेच नाही.

असो. फळीची आठवण आली की माझा रक्तदाब वाढतो, आणि त्याची गोळी आणायला मला सायकलच लागते.

आमच्या सोसायटीचा सायकल स्टँड तळघरात आहे. तो नवा झाला तेव्हा अध्यक्ष खंडेलवालजींनी मला मोठ्या कौतुकाने दाखवायला नेलं. म्हणजे पायऱ्यांच्या वरूनच दाखवला, कारण खाली पायऱ्या. भिंतीवर आकडे, आणि आकड्यांना पुढच्या चाकाने लटकलेल्या सायकली, खाटकाच्या दुकानासारख्या.

"आप चिंता मत कीजिए, माताजी. गार्ड उठाके टांग देगा."

"सायकल की मला?" मी मराठीत विचारलं. ते हसले. न कळलेल्या गोष्टीवर आदराने हसायची त्यांना सवय आहे.

लिफ्टशेजारी तळमजल्यावर एक जागा होती. निळा चौकोन, त्यात चाकाच्या खुर्चीचं चित्र. मी म्हटलं, चित्रात चाकं आहेत, मलाही चाकं आहेत, जमेल. पण तिथे एक पांढरी मोटार उभी असे. ती खंडेलवालजींच्या जावयाची. जावई दिल्लीला असतो, धडधाकट आहे, पहाटे पळायला जातो असं त्यांनीच मला अभिमानाने सांगितलं होतं. पण जमाईसा असणं हे इथलं सगळ्यात वरचं आरक्षण आहे. पोलिओ त्याच्या बराच खाली येतो.

मग मी बैठकीत विषय मांडला. खंडेलवालजींनी नियमावली उघडली आणि खरोखर दुःखी चेहऱ्याने म्हणाले, "माताजी, हमारे यहाँ टू-व्हीलर है और फोर-व्हीलर है. थ्री-व्हीलर मतलब ऑटो. और ऑटो गेट के बाहर."

मला वाटलं विनोद आहे. मी एकटीच हसले. ठराव मंजूर झाला.

अशा रीतीने माझी लाल सायकल गेटबाहेर ई-रिक्षांच्या रांगेत उभी राहू लागली. दुसऱ्याच दिवशी मी चढून बसते न बसते तोच मागचा रिक्षावाला ओरडला, "माताजी, नंबर से लगो!" मी काही बोलण्याआधी एक बाई दोन पिशव्या घेऊन आली, माझ्या मागच्या चाकांमधल्या जागेकडे पारखून पाहिलं आणि विचारलं, "स्टेशन का क्या लोगी?" रेल्वेतल्या माणसाची मुलगी, रेल्वेतल्या माणसाची बायको, घरात चाळीस वर्षं फुकट प्रवासाचे पास, आणि वयाच्या बहात्तराव्या वर्षी मला स्टेशनचं भाडं विचारलं जात होतं. मी मान ताठ ठेवून निघाले. मागून ती बाई म्हणाली, "नखरे देखो."

घरी येऊन सगळं यांना सांगितलं. 'हे' म्हणजे शेषराव, माझे यजमान. रेल्वेत पॉईंट्समन ते स्टेशन मास्तर असा प्रवास करून जयपूरला निवृत्त झाले आणि तेव्हापासून आरामखुर्चीच्या फलाटावर उभे आहेत. त्यांनी वर्तमानपत्र खाली केलं आणि विचारलं, "मग किती सांगितलंस?"

सल्ला देणाऱ्यांची मात्र ददात नव्हती. समोरच्या मिसेस माथुर म्हणाल्या, "आंटी, इस उमर में बाहर जाना ही क्यों? सब कुछ फोन पर आ जाता है." मी म्हटलं, हवा येते का फोनवर? त्यांनी मला गुडघ्याचं तेल दिलं. पोलिओला गुडघ्याचं तेल. वरच्या मजल्यावरचा परीक्षित, पुण्याचा, इथल्या सी-स्कीम भागातल्या कुठल्याशा कंपनीत संगणकावर काम करतो, तो फार मनापासून म्हणाला, "काकू, आपण याचं एक प्रेझेंटेशन करू. डेटा पाहिजे. सोसायटीत डिसेबल्ड सायकलिस्ट किती?" मी म्हटलं, एक. तो विचारात पडला. "एकावर ग्राफ येत नाही, काकू."

आणि जाऊन जायचं कुठे, तर महल रोडच्या पलीकडच्या बागेत. तिथे सायकलींसाठी वेगळा ट्रॅक आहे. गुळगुळीत, कडुनिंबांच्या खालून जाणारा, गोल. मला त्यावरून एक फेरी मारायची होती. माझी मागणी एवढीच होती हे मी पुन्हा सांगते, कारण पुढे जे झालं त्यावरून मी एखादं राज्य मागितलं असं वाटेल. मोटरसायकली आत शिरू नयेत म्हणून ट्रॅकच्या तोंडाशी लोखंडी नळ्या नागमोडी रोवल्या आहेत. मोटरसायकली जरा वाकड्या होऊन आरामात जातात. माझी सायकल अडकते. तिथला चौकीदार रोज मला पाहून उठे, हात जोडे आणि म्हणे, "उतर के ले जाइए, माताजी."

"उतरून चालता येत असतं तर मी यावर बसले असते का?"

"नियम है, माताजी. मेरे हाथ में नहीं है." आणि पाया पडे. तोसुद्धा!

मी सायकल चालवते म्हणजे मला काही झालेलं नाही, असं लोकांना वाटतं. खाली उतरून काठी घेतली की वाटतं, हिने बाहेर कशाला पडावं? या दोन वाटण्यांच्या मधल्या बोळात मी राहते, आणि त्या बोळात कोणीतरी मोटरसायकल लावून गेलेलं असतं.

शेवटी रोजच्या कटकटीला कंटाळून खंडेलवालजींनी मागच्या जिन्याखालची जागा दाखवली. मीटरच्या खोलीशेजारी, फुटक्या कुंड्यांची. मी टेप लावून पाहिली. साडेतीन बाय सहा. मला तर ती दिवाणखान्यासारखी वाटली. फक्त समोर चार इंचांची पायरी. म्हटलं, रॅम्प करा. तर म्हणाले की त्याला हात लावला तर इमारतीच्या रचनेचा प्रश्न येतो, आर्किटेक्टला विचारावं लागेल, आगीच्या खात्याला कळवावं लागेल. चार इंच सिमेंटसाठी आगीचं खातं! मी म्हटलं, फळी टाका. तर फळीला कोणी अडखळून पडलं तर जबाबदारी कोणाची?

आमचा गार्ड रामखिलाडी तेवढा बरा. तो मागची चाकं उचलून आत घालून देई, बाहेर काढून देई. पण मी भाजी घेऊन परत येईपर्यंत तिथे कोणाची तरी मोटरसायकल शिरलेली असे. मी पाटी लावली. पाटीवर हेल्मेट टांगलं गेलं.

आणि मग मी ती चूक केली. महाराष्ट्रात जन्मलेली बाईच ती करू शकते.

मला वाटलं, रांगोळी काढावी. भुसावळात कितीही माजोरी माणूस असो, रांगोळीवर पाय देत नसे. वळसा घालून जाई. मी विचार केला, सायकल बाहेर काढली की जागेत रांगोळी घालायची. कोणाची छाती होणार नाही गाडी लावायची. परत आल्यावर माझी सायकल तिच्यावर उभी राहील, ते माझं मी बघून घेईन. रामखिलाडीने स्टूल आणून दिलं. मी बसल्या बसल्या चांगली ठसठशीत रांगोळी काढली. कमळ, गोपद्मं, मधे स्वस्तिक. आणि हात गेला तसा हळदीकुंकवाची चिमूट टाकली. रांगोळीवर हळदकुंकू वाहिल्याशिवाय मला पुरं झाल्यासारखं वाटतच नाही. आईच्या हाताची सवय.

रामबाण! परत आले तर जागा मोकळी. दुसऱ्या दिवशी मोकळी. आठवडाभर मोकळी. एक मुलगा मोटरसायकल घेऊन आला, कमळ पाहिलं आणि कान पकडून मागे सरला. मी यांना म्हटलं, "बघा, संस्कृती." हे म्हणाले, "बघू."

आधी एक झेंडूचं फूल दिसलं. मला वाटलं वाऱ्याने आलं. मग उदबत्ती. वारा उदबत्ती पेटवत नाही, एवढं मला तेव्हाच कळायला हवं होतं. एका सोमवारी मिसेस माथुरांनी मला सायकल रांगोळीवर चढवताना पाहिलं आणि अशा किंचाळल्या, जणू मी गाभाऱ्यात म्हैस घातली. "हाय राम, आंटी! पूजा की जगह पर पहिया?"

"ही पूजेची जागा नाही. माझ्या सायकलची जागा आहे."

"तो रोज कुमकुम किसको चढ़ाती हैं आप?"

मी सायकलला कुलूप लावलं आणि लिफ्ट गाठली.

मंगळवारी मी मंडईतून आले तर माझ्या जागेत शेंदूर लावलेला, वर्ख चढवलेला, नारळाएवढा एक दगड बसला होता. असा दगड कोणी आणून ठेवला हे या देशात आजवर कोणालाही समजलेलं नाही. तो आपला असतोच. त्याच्यासमोर बायका भजन म्हणत होत्या. टोपलीत दुधी घेऊन मी बाहेर उभी. "माताजी," एकीने हळूच सांगितलं, "चप्पल उधर."

माझी सायकल पुन्हा ई-रिक्षांच्या रांगेत गेली. मागच्या रिक्षावाल्याने मला ओळखलं. "आ गईं, माताजी? नंबर से."

खंडेलवालजी तर भारावून गेले होते. घरी पेढे घेऊन आले. "माताजी, आपने सोसायटी को जगा दिया. आप निमित्त बनीं." मी म्हटलं, माझ्या सायकलचं काय? ते म्हणाले, "अब देवस्थान को कौन हटाए, आप ही बताइए?" आणि वाकले. मी पाय मागे घेतले.

पण मी आतून पेटले ती याने नाही. पुढच्या आठवड्यात खाली ठोकाठोकी ऐकू आली. काठी टेकत गेले. जिन्याखालच्या पायरीला रॅम्प होत होता. साधा सिमेंटचा नव्हे, मकराण्याच्या संगमरवराचा, दोन्ही बाजूंना स्टीलचे कठडे, वर दिवा. म्हाताऱ्या भक्तांना चढायला त्रास नको म्हणून. आर्किटेक्ट? आगीचं खातं? इमारतीची रचना? कोणाला काही आठवेना. मी घरातून टेप आणून रुंदी मोजली. साडेतीन फूट.

मी रडले नाही. घरी जाऊन सगळी भांडी घासली. मालनने नुकतीच घासून ठेवलेली. मालन माझ्याकडे धुणंभांडी करते; ती दारात उभी राहून बघत होती आणि मधे पडली नाही. शहाणी बाई.

"अगं, देवाचा तरी काय दोष?" हे खुर्चीतून म्हणाले.

"देवाला कोण बोलतंय? त्या बिचाऱ्यालासुद्धा कोणी विचारून बसवलेला नाही."

नवरात्राच्या पहिल्या दिवशी माझा सत्कार ठरला. साफा, शाल, नारळ. मी 'प्रेरणास्थान' होते म्हणे. हे म्हणाले, जाऊ नकोस. मी म्हटलं, जाणार. मी ठेवणीतली नारायणपेठी नेसले, खाली गेले, ई-रिक्षांच्या रांगेतून सायकल काढली आणि वर बसूनच मागच्या गेटने आत शिरले. खुर्च्यांच्या मधून, सतरंजीवरून, थेट रॅम्पवर. संगमरवरावर चाकं काय सुरेख चढतात! मधुमतीबाईंच्या फळीनंतर इतक्या सुखाने मी कुठेच चढले नव्हते. क्षणभर राग विसरले. क्षणभरच.

"माताजी!" खंडेलवालजी साफा हातात घेऊन धावले. "साइकिल बाहर. आप उतर के आइए."

उतर के.

मी उतरले नाही. मान खाली केली, साफा बांधून घेतला, शाल घेतली. ती शाल टोपलीत नीट घडी करून अंथरली. मग मिसेस माथुरांना म्हटलं, "ज़रा भगवान को दीजिए, माथे से लगाऊँगी." त्यांनी भक्तिभावाने दगड माझ्या हातात दिला. मी तो कपाळाला लावला. मनात म्हटलं, चला, तुम्हालाही इथे बसून बसून कंटाळा आला असेल. आणि टोपलीत ठेवला. घंटी वाजवली आणि उतारावरून सुटले.

मागून खंडेलवालजींचा आवाज, "भगवान को कहाँ ले जा रही हैं?"

"फिरायला!"

आता मला पकडून आणतील असं वाटलं होतं. पण हे जयपूर आहे. इथे तीज-गणगौरीच्या सणांना देव सवारी काढून रस्त्यावर येतात आणि सगळं शहर कडेला उभं राहून बघतं. साफा बांधलेली म्हातारी, टोपलीत शेंदरी देव, खाली शाल. मिसेस माथुरांनी टाळी वाजवली आणि ओरडल्या, "सवारी! सवारी निकली है!" बायका टाळ घेऊन मागे लागल्या. रामखिलाडीने गेटची दोन्ही दारं उघडली; मी इथे राहायला आल्यापासून दुसरं दार उघडं पाहिलं नव्हतं. वाटेतल्या मोटरसायकली लोकांनी हातांनी उचलून बाजूला केल्या. ई-रिक्षावाल्यांनी रांगच्या रांग मागे घेतली. माझ्या नंबरचं कोणी नाव काढलं नाही. महल रोडवर मोटारी थांबल्या. एवढ्या रुंद रस्त्यावर इतकी वर्षं मी जीव मुठीत धरून गेले, आणि आज एक पोलीस शिट्टी वाजवून मला वाट करून देत होता.

आणि बागेचा तो चौकीदार. त्याने मला पाहिलं, टोपलीत पाहिलं, धावत चौकीत गेला आणि किल्ली घेऊन आला. कुलूप उघडलं. मधली लोखंडी नळी वर उचलून काढली. ती निघत होती.

किल्ली होती. सगळा वेळ त्याच्या खिळ्याला किल्ली टांगलेली होती.

मी थांबले. त्याला विचारलं, "ही निघते?"

"भगवान के लिए तो खोलना ही पड़ेगा, माताजी."

मी ट्रॅकवरून एक फेरी मारली. कडुनिंबांची सावली, गुळगुळीत रस्ता, उजवा पाय चालतोय, मागून टाळ. वर्षभर मी याच फेरीसाठी झुरत होते, आणि ती मारताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते आनंदाचं होतं असं कोणी समजू नये. एका दगडासाठी जे एका सकाळी उघडतं ते बाईसाठी वर्षभर बंद असतं, हे मला कडुनिंबाच्या प्रत्येक झाडाखाली नव्याने समजत होतं.

सवारी परत आली ती जिन्याखाली नाही. मी लिफ्टने वर गेले आणि देव मालनकडून उचलवून आमच्या जेवणाच्या टेबलावर ठेवला, लोणच्याच्या बरणीशेजारी. फूल वाहिलं. हे म्हणाले, "आता जेवायला कुठे बसायचं?" मी म्हटलं, सवय होईल. मला रिक्षाच्या रांगेची झाली.

संध्याकाळी खंडेलवालजी आले. मागे मिसेस माथुर, परीक्षित, आणखी कोणकोण. "माताजी, भगवान वापस कब आएँगे?"

मी सांगितलं. जिन्याखालची जागा सायकलची, रॅम्प सायकलचा. जमिनीवर पिवळा पट्टा मारा, तीन चाकांचं चित्र काढा. जावयाची मोटार निळ्या चौकोनातून निघेल. देव वर भिंतीत कोनाडा करून बसतील. त्यांना पार्किंग लागत नाही. हे सगळं झालं की ते येतील. तोवर इथे आहेत, लोणचं त्यांना आवडलेलं दिसतंय.

"पर माताजी, जमाईसा..."

"बसू दे मग इथेच."

परीक्षित हळूच म्हणाला, "काकू, हे किडनॅपिंग आहे." मी म्हटलं, याचा ग्राफ काढ.

आर्किटेक्ट लागला नाही. दसऱ्याच्या आत पिवळा पट्टा पडला, कोनाडा झाला, मोटार दिल्लीला गेली. लोक माझं अभिनंदन करतात. मला ते गोड लागत नाही. ही जागा मला मिळालेली नाही; देवाच्या सुटकेची ती किंमत आहे. उद्या या सोसायटीत दुसरी एखादी तीनचाकी राहायला आली, तर तिने देव कुठून आणायचा?

दसऱ्याला सायकलला झेंडूचा हार घातला, टोपलीत आपट्याची पानं ठेवली आणि बागेकडे निघाले. रॅम्पच्या मधोमध खंडेलवालजी, नवा कुर्ता, हात जोडलेले. "माताजी, आशीर्वाद." आणि माझ्या पुढच्या चाकासमोर वाकले.

मी घंटी वाजवली.

"पाया नंतर पडा," मी म्हटलं, आणि या वेळी शुद्ध हिंदीत पुन्हा सांगितलं, म्हणजे हसून सुटता येऊ नये. "पहले हटिए."